मूठभर कोळशाचे इंजिन

बंगळूरच्या छावणी स्टेशनात जोलारपेटकडून पहिली आगगाडी आली ती १८६४ साली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ या शहराच्या हवेत कोळशाच्या धुराचा वास होता. आता तो नाही. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० ते १९७२ या काळात २३५१ वाफेची इंजिने बांधली आणि ते काम बंद केले. पुढच्या पाव शतकात ती इंजिने एकेक करून रुळांवरून निघून गेली. दार्जिलिंग, निलगिरी यांसारखे डोंगरी मार्ग सोडले, तर वाफेचे इंजिन पाहावयाचे ते आता संग्रहालयातच. म्हैसूरला १९७९ साली असे संग्रहालय निघाले. तेथे ती इंजिने रंगरोगण करून उभी केलेली आहेत; परंतु त्यांच्या पोटात विस्तव नाही.

पोटात विस्तव असलेले नवे इंजिन मात्र अजूनही एका ठिकाणी जन्मास येऊ शकते. घराच्या मागील बाजूस दहा-बारा फूट लांबीची एखादी खोली असावी, तीत एक लहान लेथ, एक भोके पाडण्याचे यंत्र, एक भक्कम शेगडा आणि कानशींची एक रांग असावी, आणि या सर्वांच्या मालकाजवळ तीन-चार वर्षांच्या संध्याकाळी शिल्लक असाव्यात, एवढी सामग्री त्यास पुरते. तेथे घडते ते खेळणे नव्हे. पुण्यास कोथरूडात १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातील गाड्या लहानमोठ्यांना मोहून टाकतात. पण त्या विजेवर धावतात, आणि त्यांनी कसला भार ओढावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. येथे ज्या इंजिनाचा विचार करावयाचा आहे, त्याच्या अग्निपेटीत खरा कोळसा जळतो, बॉयलरात खरे पाणी उकळते, आणि मूठमूठ कोळशावर ते आपल्या मागे बसलेल्या दोन-चार प्रौढ माणसांना ओढून नेते. ते लहान असले तरी पूर्णार्थाने इंजिन आहे. त्यामुळेच ते बनविण्यातील गंमत आणि जोखीम या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

या कामास बंगळूर हे शहर फार सोयीचे. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली येथे विमानांचा कारखाना काढला, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच कारखान्यात काही काळ रेल्वेचे पोलादी डबेही तयार होत. १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली यांत्रिक हत्यारांचा, १९५४ साली इलेक्ट्रॉनिक्सचा असे एकामागून एक सरकारी कारखाने येथे उभे राहिले. आगगाडीची चाके आणि आस घडविणारा येलहंक्याचा कारखाना १९८४ चा. या कारखान्यांनी यंत्रांबरोबरच माणसेही घडविली. इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब बोटांच्या टोकांनी जाणणारे टूलरूममधील फिटर आणि टर्नर पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहिले. अशा माणसास निवृत्तीनंतर स्वस्थ बसणे जड जाते. पितळेचा एखादा दांडा, फॉस्फर ब्राँझचा तुकडा किंवा मोडीत निघालेला लेथचा चक ज्या गल्ल्यांत मिळतो, त्या सदर पत्रप्पा रस्त्याच्या आसपासच आहेत. मराठी कानांना आणखी एक गोष्ट रुचेल. बंगळूर-पुणे मार्गावरील हरिहर येथे किर्लोस्करांनी १९४१ साली लेथ बनविण्याचा कारखाना काढला, आणि दक्षिणेतील कित्येक लहान वर्कशॉपांचा संसार त्या लेथांवर उभा राहिला. घरगुती कामास मात्र तो लेथ अंमळ मोठाच. हौशी मंडळींचा आवडता लेथ म्हणजे इंग्लंडमधील मायफोर्ड. त्याची मध्यउंची साडेतीन इंच, म्हणजे सात इंचांपर्यंतचे चाक त्यावर फिरू शकते.

घरी इंजिन बनविण्याची हौस ही रेल्वेहून तरुण आहे असा समज असेल, तर तो चुकीचा ठरेल. विल्यम मर्डॉक याने १७८४ साली कॉर्नवॉलमध्ये स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी एक तीन चाकी गाडी बनविली होती. रात्री ती रस्त्यावर सोडली असता गावचा पाद्री तिला सैतान समजून ओरडत सुटला, अशी आख्यायिका आहे. रिचर्ड ट्रेव्हिथिकनेही १८०४ साली रुळांवर खरे इंजिन चालविण्यापूर्वी वाफेच्या गाडीचे लहान नमुने बनवून पाहिले होते. तेव्हा प्रथम जन्मला तो घरातील नमुना, आणि आगगाडी मागाहून आली.

आपल्या देशातही रेल्वे येण्यापूर्वी दोघा कारागिरांनी हे साहस केले. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी कागदाच्या गिरणीसाठी विलायतेहून वाफेचे यंत्र आणविले होते. ते पाहून टिटागढच्या गोलकचंद्र नावाच्या लोहाराने कोणा युरोपियनाच्या मदतीवाचून तसेच यंत्र घडविले आणि १८२८ साली कलकत्त्याच्या प्रदर्शनात मांडले. त्यास पन्नास रुपये बक्षीस मिळाले. इतक्या मोठ्या पराक्रमाचे मोल पन्नास रुपये! मुंबईस वाडिया घराण्यातील अर्देशिर करसेटजी यांनीही तरुण वयात स्वतः एक लहान वाफेचे यंत्र तयार केले होते. पुढे १८४१ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले; तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. बोरीबंदराहून ठाण्यास गाडी सुटण्यास तेव्हा आणखी बारा वर्षे होती.

हौस म्हणून या कामास व्यवस्थित रूप आले ते इंग्लंडात. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली केवळ अशा घरगुती यंत्रकारांसाठी एक नियतकालिक सुरू केले. १९२४ च्या सुमारास त्याच्या पानांवर मोठा वाद पेटला. अडीच इंच मापाच्या रुळांवर चालणाऱ्या इंजिनात कोळसा नीट जळणार नाही, तेथे स्पिरिटच हवे, आणि माणूस ओढण्याची गोष्ट तर बोलूच नये, असे जाणकार म्हणत. एका रेल्वे कंपनीची आद्याक्षरे टोपणनाव म्हणून घेऊन ‘एल. बी. एस. सी.’ या सहीने लिहिणाऱ्या एका लेखकाने ते साफ नाकारले. आपले ‘आयेशा’ नावाचे इंजिन त्याने लोकांसमोर आणले, त्यात कोळसा घातला, आणि ते माणसास ओढून नेऊ लागले. पुढे चाळीस वर्षे, १९६७ साली निधन होईपर्यंत, हा गृहस्थ सामान्य कारकून आणि मजूर यांना इंजिन कसे बनवावे ते सोप्या भाषेत सांगत राहिला. त्याने नवशिक्यांसाठी आखलेले ‘टिच’ हे साडेतीन इंच मापाचे चार चाकी इंजिन आजही जगभर बनविले जाते.

जाणकारांचे कोठे चुकले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात या विद्येचे सारे मर्म आहे. ते मोठ्या इंजिनाचे चित्र आटवून लहान इंजिन काढीत होते. लोखंड हवे तेवढे आटविता येते; अग्नी, पाणी आणि वाफ यांना आटविता येत नाही.

एखाद्या इंजिनाची प्रत्येक लांबी आठपट कमी केली, तर त्याचे पृष्ठफळ चौसष्टपट कमी होते आणि वजन पाचशे बारापट. दट्ट्यावर वाफेचा जो जोर बसतो तो दट्ट्याच्या पृष्ठफळावर अवलंबून असतो. म्हणून वाफेचा दाब तोच ठेवला, तर जोर चौसष्टावा हिस्सा उरतो, आणि इंजिनाचे वजन मात्र पाचशे बारावा हिस्सा. वजनाच्या मानाने ते आठपट बलवान होते. ऐकावयास हे छान वाटते. पण व्यवहारात अशा इंजिनाची चाके रुळांवर जागच्या जागी गरगर फिरतील, कारण चाकांची पकड वजनावर अवलंबून असते. भारतीय रेल्वेच्या प्रसिद्ध डब्ल्यू. पी. जातीच्या इंजिनात दर चौरस इंचास २१० पौंड दाब असे. लहान इंजिनास ८० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलोच्या आसपास, पुष्कळ होतात. निसर्गाने येथे हौशी माणसावर कृपाच केली आहे.

ही कृपा दुसऱ्या हाताने तो काढूनही घेतो. बॉयलरात पाणी राहते ते घनफळात आणि उष्णता निसटते ती पृष्ठभागावरून. लहान बॉयलरात पाणी थोडे आणि अंग त्या मानाने फार. म्हणून तो लवकर तापतो आणि तितक्याच लवकर निवतो. मोठ्या इंजिनाच्या आगवाल्याची क्षणभर नजर चुकली तरी चालत असे. लहान इंजिनात दोन मिनिटे दुर्लक्ष झाले की दाब निम्म्यावर येतो किंवा पाणी तळाशी जाते. सिलिंडरचे अंगही असेच वाफेची उष्णता पिऊन टाकते आणि वाफेचे पुन्हा पाणी होते. म्हणून वाफ सिलिंडरात नेण्यापूर्वी धुराच्या नळीतून फिरवून अधिक तापवावी लागते.

धुराच्या नळ्यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. मोठ्या बॉयलरात दोन इंच व्यासाच्या शंभराहून अधिक नळ्या असत. त्यांची हुबेहूब लहान प्रतिकृती केली तर पाव इंचाच्या नळ्या होतील, आणि पहिल्याच फेरीत राखेने चोंदून जातील, कारण राखेचा कण काही आठपट लहान होत नाही. म्हणून नळ्या थोड्या आणि रुंद घ्यावयाच्या. त्यांची लांबीही जपून ठरवावी लागते. अनुभव असा की, नळीचा व्यास निम्मा केला तर तिची लांबी चौथाईवर आणावी. नाहीतर धूर ओढला जात नाही आणि विस्तव गुदमरतो. पाण्याची पातळी दाखविणाऱ्या काचेच्या नळीचेही तसेच. नळी फार बारीक घेतली तर केशाकर्षणाने पाणी तीत आपोआप वर चढते, आणि बॉयलर रिकामा होत आला तरी काच भरलेली दिसते. अशी खोटे बोलणारी काच बसविण्यापेक्षा प्रमाणाबाहेर मोठी आणि थोडी कुरूप काच पत्करलेली बरी.

तेव्हा पहिला निर्णय असा की कोणते इंजिन निवडावे आणि किती लहान करावे. घरगुती रुळांची मापे इंग्लंडने ठरविली आहेत: साडेतीन इंच, पाच इंच, सव्वासात इंच. ती बसविली आहेत तेथील ४ फूट साडेआठ इंच मापावर. आपल्याकडील रुंद माप साडेपाच फुटांचे. ते पाच इंचांवर आणावयाचे म्हणजे १३.२ पट लहान करावे लागते, आणि प्रत्येक माप काढताना कारागिरास गुणाकार-भागाकार करीत बसावे लागते. शिवाय डब्ल्यू. पी. इंजिन टेंडरसह सुमारे २४ मीटर लांब. त्याची ही प्रतिकृती सहा फुटांच्या घरात जाते आणि तिचे वजन ७५ किलोंच्या आसपास भरते. वरच्या मजल्यावर कार्यशाळा असणाऱ्याने आरंभ करण्यापूर्वी जिना मोजावा हे उत्तम.

बंगळूरकरास याहून सुरेख निवड उपलब्ध आहे. यशवंतपूरहून देवनहळ्ळीवरून चिक्कबळ्ळापूरकडे १९१५ पासून अडीच फूट मापाची अरुंद गाडी धावत असे. अडीच फूट म्हणजे तीस इंच, आणि तीस इंचांचे पाच इंच करावयाचे तर बरोबर सहावा हिस्सा. एका फुटास दोन इंच! हिशेबाची कटकटच मिटली. महाराष्ट्रातील वाचकास येथे बार्शी लाइट आठवेल. तेही माप अडीच फुटांचेच. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअराने १८९७ साली ती गाडी सुरू केली तेव्हा कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, असा नियम त्याने घातला होता. तिच्यासाठी लीड्‌सच्या किटसन कारखान्यातून आठ जोडचाकांची टाकीवाली इंजिने आली. पुढे पंढरपूरच्या वाऱ्या, लातूरचा माल आणि मिरजेचे प्रवासी यांची ने-आण त्या मार्गाने पिढ्यान्‌पिढ्या केली. आता तो मार्ग रुंद झाला आहे. ज्याचे बालपण कुर्डुवाडीच्या फलाटावर गेले असेल, तो बंगळूरात बसून बार्शीचेच इंजिन घडवू पाहील, यात नवल नाही.

पाच टनांचा आसभार सहाच्या घनाने, म्हणजे २१६ ने भागला की सुमारे २३ किलो येतात. अशा सहा आसांचे इंजिन १४० किलोंच्या घरात जाईल. तेच साडेतीन इंच रुळांवर आणले तर पन्नास किलोंच्या आत राहते, आणि दोघे मिळून ते उचलू शकतात. मग हे पन्नास किलोंचे इंजिन माणसांना ओढते कसे? चाकांवरील वजनाच्या साधारण चौथाई एवढी पकड रुळांवर मिळते. जोडचाकांवर तीस-बत्तीस किलो भार असेल, तर इंजिनाची ओढ आठ किलोंपर्यंत जाऊ शकते. छर्‍यांच्या बेअरिंगवर फिरणारा, एका माणसासह शंभर किलो वजनाचा लहान डबा सपाट पोलादी रुळांवर ओढण्यास एक-दोन किलोंची ओढ पुरते. पोलादावर पोलाद किती सहज घरंगळते, याचा हा हिशेब आहे. चढ लागला की मात्र चित्र पालटते. पन्नासात एक एवढा चढ असला तरी प्रत्येक शंभर किलोंमागे दोन किलोंचा बोजा वाढतो.

चौकट, चाके आणि सिलिंडर यांच्या कामात कारागिराचे एक वर्ष सहज जाते. ते येथे थोडक्यात सांगितले तरी चालेल. पोलादी पट्टीच्या दोन फळ्या एकावर एक रिवेट करून एकदमच कापतात, म्हणजे दोहोंतील भोके जुळतात. चाकांसाठी लाकडी नमुना करून ओतारीकडून बीड ओतून घ्यावे लागते. ते लेथवर चढविले की पहिल्याच काताऱ्याखाली वाळूचे कण हत्याराची धार खातात, आणि मग प्रत्येक चाक त्याच मापाचे करण्याची तपश्चर्या सुरू होते. सर्वांत नाजूक काम चाके आसावर बसविण्याचे. एका बाजूचा खिळा दुसऱ्या बाजूच्या खिळ्याशी बरोबर काटकोन करील असेच ते बसले पाहिजे, कारण एका बाजूचा दट्ट्या टोकाशी येऊन निर्बल होतो त्या क्षणी दुसऱ्या बाजूचा आपल्या पूर्ण जोरावर असावा लागतो. ही चूक प्रत्येक आसावर वेगवेगळी झाली, तर जोडदांडे अडकतात आणि इंजिन लंगडत चालते. वाफ केव्हा आत सोडावी आणि केव्हा तोडावी हे ठरविणारी वॉलशर्ट या बेल्जियन कारागिराची १८४४ ची योजना भारतातील बहुतेक नव्या इंजिनांवर होती. लहान इंजिनात तिचे दांडे आगकाडीएवढे होतात; पण ती तितक्याच इमानाने चालते.

खरी परीक्षा बॉयलरची.

मोठे बॉयलर पोलादाचे असत. लहान बॉयलर बहुधा तांब्याचा करतात, कारण पातळ पोलाद गंजून लवकर खलास होते. तांबे ठोकून घडविण्याची रीत पुण्याच्या तांबट आळीत जी आहे तीच येथे आहे. पत्रा लाल होईपर्यंत तापवावयाचा, पाण्यात बुडवावयाचा, आणि मऊ आहे तोवर साच्यावर लाकडी हातोड्याने कडा वळवावयाच्या. पोलाद असे केल्याने कडक होते. तांबे मऊ पडते. ठोकता ठोकता ते पुन्हा ताठ होते, म्हणून पुन्हा भट्टी. एका पाट्याची कड पुरी वळेपर्यंत चार-पाच वेळा तरी हा क्रम चालतो. घाई केली की कड चिरते, आणि चिरलेला पाटा बाजूस ठेवून नव्याने आरंभ करावा लागतो.

सांधे जोडावयाचे ते चांदीच्या डाखाने. येथे सोनाराची विद्या कामी येते: टाकणखार लावून सांधा स्वच्छ ठेवणे आणि डाख विस्तवाने वितळू न देता तापलेल्या धातूच्या अंगानेच वितळू देणे. परंतु सोनाराचा दागिना बोटाएवढा, आणि हा बॉयलर कळशीएवढा. तांबे उष्णता इतक्या झपाट्याने वाहून नेते की एका कोपऱ्यास डाख लावण्यासाठी सारा बॉयलर लालसर करावा लागतो. विटांचा आडोसा करून दोन मोठ्या ज्योतींनी दोघे जण दोन बाजूंनी तो तापवितात. पुढचा सांधा जोडताना मागचा सुटू नये म्हणून आधी अधिक उष्णतेस वितळणारा डाख आणि नंतर कमी उष्णतेचा, असा क्रम ठेवतात. जुन्या डाखांत कॅडमियम असे. त्याचा धूर फुप्फुसांस विषारी असल्याने तो डाख आता वर्ज्य समजावा. आणि कल्हईचा कथलाचा डाख तर भार वाहणाऱ्या सांध्याजवळ येऊ देऊ नये. ८० पौंड दाबास वाफेचे उष्णतामान १६० अंशांच्या वर असते, आणि तेथे कथलाच्या डाखाचा कणखरपणा जवळजवळ संपलेला असतो.

बॉयलरचा गोल भाग आपला भार आपणच सहज वाहतो. चार इंच व्यासाच्या नळकांड्यास तीन मिलिमीटर जाड तांबे असले, तर ८० पौंड दाबाखाली त्यावर येणारा ताण तांब्याच्या तुटण्याच्या बळाच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास राहतो. धोका असतो तो अग्निपेटीच्या सपाट भिंतींपाशी. वाफ प्रत्येक सपाट भिंतीस फुगवून गोल करू पाहते. म्हणून आतील आणि बाहेरील भिंतींमध्ये थोड्याथोड्या अंतरावर आडवे खिळे घालून त्या एकमेकींस बांधतात. असे साठ-सत्तर खिळे सहज भरतात. ते बाहेरून पाहणाऱ्यास दिसत नाहीत, आणि त्यांपैकी दहा कमी घातले तर पहिल्या दिवशी काही बिघडतही नाही.

येथे एक कायद्याची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात बॉयलरांसाठी १९२३ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कारखान्यातील बॉयलर सरकारी निरीक्षकाने तपासल्यावाचून पेटविता येत नाही. परंतु २५ लिटरांहून कमी सामावणारा बॉयलर या कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. घरी बनविलेल्या बॉयलरात फार तर दोन-तीन लिटर पाणी मावते. त्यास पाहावयास कोणी निरीक्षक येणार नाही. इंग्लंडात हौशी मंडळींच्या क्लबांनी आपले परीक्षक नेमले आहेत. तेही ज्यास लाभत नाहीत, त्यास बनविणारा आणि तपासणारा या दोन्ही भूमिका एकट्याने कराव्या लागतात. स्वतःच्या हातच्या कामात दोष शोधणे हे किती कठीण असते ते कोणत्याही कारागिरास विचारावे.

दोन लिटर म्हणजे थोडेच पाणी, असे वाटेल. हिशेब करून पाहावा. १६० अंशांवर दाबाखाली असलेले हे पाणी बॉयलर फाटून एकाएकी मोकळे झाले, तर त्याचा सुमारे आठवा हिस्सा क्षणार्धात वाफ होतो. पाव लिटर पाण्याची ती वाफ चारशे लिटरांहून अधिक जागा मागते, आणि ती जागा ती इंजिनामागे दोन फुटांवर बसलेल्या चालकाच्या तोंडावरून घेते.

म्हणूनच पहिली कसोटी विस्तवावाचून होते. बॉयलरची सारी तोंडे बंद करून तो थंड पाण्याने काठोकाठ भरतात. आत हवेचा बुडबुडाही राहू नये. मग हातपंपाने चालू दाबाच्या दुप्पट, म्हणजे १६० पौंडांपर्यंत दाब चढवितात आणि अर्धा तास काटा पाहत बसतात. थंड पाणी जवळजवळ दबत नाही. म्हणून सांधा सुटलाच तरी चार थेंब गळतात आणि काटा खाली येतो, इतकेच. तीच कसोटी दाबलेल्या हवेने घेणारा मनुष्य स्वतःच्या हाताने बाँब तयार करीत असतो. काटा हलला, तर गळती शोधून, बॉयलर पुन्हा आम्लात धुऊन, पुन्हा लालसर तापवून डाख द्यावयाचा आणि कसोटी पहिल्यापासून घ्यावयाची. भिंत फुगली आहे काय, हे पाहण्यासाठी कसोटीपूर्वी आणि कसोटीनंतर पट्टी लावून मापे लिहून ठेवतात. त्यानंतर विस्तव पेटवून सुरक्षा झडपेची परीक्षा: विस्तव भडकलेला, इंजिन उभे, आणि तरीही दाब ठरविलेल्या मर्यादेहून दहा टक्क्यांपेक्षा वर जाता कामा नये. पाणी भरण्याची साधनेही दोन हवीत. एक आसावर चालणारा पंप, आणि तो इंजिन उभे असताना निरुपयोगी, म्हणून दुसरा हाताचा.

बंगळूरचे पाणी आणि बंगळूरची हवा यांचाही या कामात वाटा आहे. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर; म्हणून उघड्या भांड्यात पाणी तेथे सुमारे ९७ अंशांवर उकळते. बॉयलर बंद झाल्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. कूपनलिकेचे जड पाणी मात्र शत्रूच. त्यातील क्षार नळ्यांवर कवच धरतात, कवचाखाली तांबे अधिक तापते आणि पाण्यास उष्णता पोचत नाही. मोठ्या इंजिनाचे कवच माणसे आत हात घालून खरवडीत. येथे बोटही शिरत नाही. शहाणा माणूस पागोळ्यांचे पावसाचे पाणी गाळून पिंपात साठवितो.

कोळशाची अडचण याहून मोठी. इंग्रजी पुस्तकांत वेल्सच्या कोळशाचे गुणगान असते. आपल्या कोळशात राख फार, आणि पोस्टकार्डाएवढ्या जाळीवर ती पाच मिनिटांत पसरते. मोठ्या इंजिनांच्या रचनाकारांनाही हीच अडचण आली होती. हलक्या कोळशासाठी म्हणून डब्ल्यू. पी. आणि डब्ल्यू. जी. इंजिनांच्या अग्निपेट्या चौकटीबाहेर रुंद काढल्या होत्या. घरगुती कारागीरही तोच मार्ग धरतो, जाळी जितकी रुंद करता येईल तितकी करतो, आणि कोळसा हरभऱ्याएवढा फोडून, चाळून, धूळ टाकून देतो. काही जण लोणारी कोळसाच वापरतात. तो लवकर जळतो, पण राख कमी ठेवतो.

एवढे सारे झाल्यावर एखाद्या रविवारी पहाटे परसात दहा-वीस फूट रूळ मांडले जातात. रॉकेलात भिजविलेल्या लोणारी कोळशाचा थर अग्निपेटीत पडतो. धुराड्यावर विजेचा लहान पंखा बसवितात, कारण वाफ नसताना विस्तवास ओढ देण्यास दुसरे काही नसते. आठ-दहा मिनिटांत काटा शून्यावरून हलतो. वीस पौंडांवर पंखा काढून इंजिनाच्याच वाफेचा बारीक झोत धुराड्यात सोडला की ते आपला विस्तव आपण फुलवू लागते, आणि तेव्हापासून त्यास बाहेरच्या कोणाची गरज उरत नाही. ८० पौंडांवर सुरक्षा झडप फुरफुरते. घरातील माणसे, ज्यांनी तीन वर्षे कानशीचा आवाज आणि आम्लाचा वास सोसला, ती आता ओट्यावर येऊन उभी राहतात.

वाफेची कळ पहिल्यांदा उघडली की इंजिन चालत नाही. थंड सिलिंडरात वाफेचे पाणी झालेले असते. ते धुराड्यातून उडते आणि चालकाच्या चष्म्यावर बसते. सिलिंडरांचे नळ उघडून ते पाणी जाऊ द्यावे लागते. मग एक धक्का, एक सुस्कारा; चाक अर्धा वेढा घेऊन थांबते. पुन्हा कळ. या वेळी दुसऱ्या बाजूचा दट्ट्या उचलतो, चाके एकदा जागीच घसरतात, पकड घेतात, आणि चार स्पष्ट ठोके देत इंजिन दहा फूट जाऊन रुळांच्या टोकाशी उभे राहते. चालक खाली उतरतो, काचेतील पाणी पाहतो, हातपंपाचे आठ-दहा दट्टे मारतो, आणि भिंतीस टांगलेल्या वहीत त्या दिवसाची तारीख, दाब आणि ‘डाव्या सिलिंडराचे बूच थोडे गळते’ एवढे टिपून ठेवतो.